टाइमसेन्सर आणि सीनमधलं ॲनिमेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीआरएमएल, एक्सथ्रीडी आणि एमपेग-४ या सीन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं दृश्य, लिहिण्याच्या तिन्ही पद्धतींत हालचालीची दोरी एकाच नोडच्या, म्हणजे सीनमधल्या एका घटकाच्या, हातात असते, तो म्हणजे टाइमसेन्सर. दिसायला अगदी साधा, चार-पाच फील्डचा, म्हणजे किमती भरायच्या रकान्यांचा, नोड. पण 'माझं ॲनिमेशन चालतच नाही' किंवा 'थांबतच नाही' या तक्रारींचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा इथेच येऊन पोचतो. खाली फील्डची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी सांभाळून लिहावी लागतात.

टाइमसेन्सर वस्तू हलवतो का?

नाही, आणि ही गोष्ट आधी मनात पक्की करून घ्या. टाइमसेन्सर फक्त सांगतो की ठरलेल्या वेळापैकी किती वाटा सरला: ० म्हणजे सुरुवात, १ म्हणजे शेवट. त्याला दार माहीत नसतं, चाक माहीत नसतं, रंग माहीत नसतो.

समजा, दोन सेकंदांत एक दार उघडायचं आहे. टाइमसेन्सर म्हणतो, 'अर्धा वेळ झाला, ०.५.' हा आकडा रूटने, म्हणजे जोडणीने, ओरिएंटेशनइंटरपोलेटरकडे जातो. त्याच्याकडे एक तक्ता असतो: ० ला दार बंद, १ ला काटकोनात उघडं. तो ०.५ साठी मधला कोन काढतो आणि पुढे दाराची जागा आणि कोन सांभाळणाऱ्या ट्रान्सफॉर्म नोडच्या रोटेशन फील्डकडे पाठवतो. दार हलतं ते इथे. वेळ कोण मोजतो, आकार कोण ठरवतो आणि बदल कोणावर होतो, ही तीन कामं तीन नोडकडे वेगळी ठेवलेली आहेत. म्हणूनच तोच टाइमसेन्सर दारासोबत दिवाही मंद करू शकतो, फक्त आणखी एक इंटरपोलेटर आणि त्याच्या जोडण्या लागतात.

कोणती फील्ड माहीत असायलाच हवीत?

सायकलइंटरव्हल म्हणजे एका फेरीचा वेळ, सेकंदांत, न सांगितल्यास १. लूप म्हणजे फेरी संपली की पुन्हा सुरू करायची का, न सांगितल्यास नाही. स्टार्टटाइम आणि स्टॉपटाइम न सांगितल्यास दोन्ही ०. एनेबल्ड म्हणजे नोड चालू ठेवायचा की बंद, न सांगितल्यास चालू. बाहेर येणाऱ्या इव्हेंटमध्ये, म्हणजे नोड पाठवतो त्या संदेशांत, ० ते १ चा वाटा सांगणारा फ्रॅक्शन_चेंज्ड सर्वांत कामाचा. इझॲक्टिव्ह सुरू होताना आणि संपताना एकेकदा येतो. सायकलटाइम प्रत्येक फेरीच्या आरंभी. आणि टाइम सतत चालू वेळ देत राहतो. एक्सथ्रीडीने यात पॉजटाइम, रिझ्यूमटाइम, इलॅप्स्डटाइम आणि इझपॉज्ड ही भर घातली.

फ्रॅक्शन कसं काढलं जातं? कॉम्प्युटर हळू असला तर ॲनिमेशनही हळू चालतं का?

हिशेब सोपा आहे. आत्ताच्या वेळेतून स्टार्टटाइम वजा करायचा, उरलेल्या सेकंदांना सायकलइंटरव्हलने भागायचं आणि भागाकारातला फक्त दशांश भाग ठेवायचा. भागाकार बरोबर पूर्णांक आला आणि आपण सुरुवातीच्या क्षणी नसलो, तर ० ऐवजी १ धरायचं. ही छोटी तरतूद नसती तर फेरीच्या शेवटी वस्तू अचानक मूळ जागी उडी मारताना दिसली असती.

या सूत्रात फ्रेमचा उल्लेखच नाही, हे बघा. प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने वाचलं जातं; मागच्या आकड्यात भर घालत जाणं नाही. म्हणून सेकंदाला ६० फ्रेम काढणाऱ्या यंत्रावर दोन सेकंदांचं दार दोन सेकंदांत उघडतं आणि १० फ्रेम काढणाऱ्या यंत्रावरही दोन सेकंदांतच. फरक एवढाच की पहिल्यावर मधल्या सुमारे १२० अवस्था दिसतील आणि दुसऱ्यावर सुमारे २०. हालचाल धक्क्याधक्क्याने होईल, पण उशीर होणार नाही.

मला ही रचना फार आवडते. दर फ्रेमला थोडं थोडं पुढे सरकवण्याचा कोड ज्यांनी लिहिला आहे, त्यांना यंत्र बदललं की सगळा ताल बिघडतो हा अनुभव असतो. इथे तो प्रश्नच येत नाही.

मग फ्रॅक्शन बरोबर ०.५ झाल्यावर काही करायचं असेल तर?

तसं तपासू नका. टाइमसेन्सर किती वेळा आकडा पाठवेल याची हमी नाही. तो ०.४९३ देईल आणि पुढचा थेट ०.५१. स्क्रिप्टमध्ये मागचा आकडा जपून ठेवा आणि 'मागचा ०.५ पेक्षा कमी होता, आताचा तेवढा किंवा जास्त आहे' अशी अट घाला. एक हमी मात्र मिळते: लूप नसलेली फेरी पूर्ण झाली तर शेवटचा १ नक्की येतो. म्हणून दार कधी ९८ टक्के उघडून अडकत नाही.

स्टार्टटाइममधली वेळ कुठून मोजतात?

व्हीआरएमएल आणि एक्सथ्रीडीमध्ये १ जानेवारी १९७०, ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्र, तिथून सरलेले सेकंद. म्हणून 'स्टार्टटाइम ५' लिहून सीन उघडल्यावर पाच सेकंदांनी काही घडेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होते. तो क्षण १९७० सालीच होऊन गेला. उशिरा सुरू करायचं असेल तर आत्ताच्या वेळेत ५ मिळवून तो आकडा स्क्रिप्टने पाठवावा लागतो. स्क्रिप्ट नको असेल तर इंटरपोलेटरच्या सुरुवातीला निष्क्रिय पट्टा, म्हणजे किंमत बदलत नाही असा भाग, ठेवा.

हे आकडे आता १७० कोटींच्या पुढे गेले आहेत आणि त्यातून एक छुपी अडचण उभी राहते. वेळेचा प्रकार डबल, म्हणजे दुप्पट अचूकतेचा, ठेवलेला आहे तो याचसाठी. एवढा मोठा आकडा साध्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवला तर शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर १२८ सेकंद होतं, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त! डबलमध्ये तेच अंतर सेकंदाच्या चाळीस लाखाव्या भागाच्या आसपास राहतं. स्क्रिप्टमध्ये वेळ साठवताना फील्डचा प्रकार एसएफटाइमच ठेवा. एसएफफ्लोट ठेवला आणि ॲनिमेशन विचित्र उड्या मारायला लागलं, तर कारण हेच.

सीन उघडताच सुरू होऊन कायम चालत राहणारं ॲनिमेशन कसं करायचं?

लूप चालू करा, बाकी काहीही लिहू नका. स्टार्टटाइम ० म्हणजे सुरू होण्याची वेळ केव्हाच उलटलेली. स्टॉपटाइमही ०, आणि स्टार्टटाइमपेक्षा मोठा नसलेला स्टॉपटाइम विचारातच घेतला जात नाही. त्यामुळे थांबायचं कारण उरत नाही.

लूप बंद ठेवून तोच नोड दिला तर काहीच होत नाही, कारण त्याची एकमेव फेरी १९७० मध्ये संपली.

क्लिक केल्यावर एकदाच चालायला हवं असेल तर?

वस्तूवरचं क्लिक ओळखणाऱ्या टचसेन्सरचा टचटाइम टाइमसेन्सरच्या स्टार्टटाइमला जोडा. टचटाइम क्लिकचा क्षण पाठवतो, तोच सुरुवातीचा क्षण ठरतो, आणि फ्रॅक्शन ० पासून निघतं. टचटाइम बटण दाबताना येत नाही, सोडताना येतो, आणि तेही दाबताना व सोडताना दोन्ही वेळा पॉइंटर त्या वस्तूवर असेल तरच. दाबताक्षणी प्रतिक्रिया हवी असेल तर टचसेन्सरचा इझॲक्टिव्ह वापरावा लागेल, पण तो हो-नाही प्रकारचा असल्याने मध्ये टाइमट्रिगर हवा, जो हो-नाही आलं की त्या क्षणाची वेळ पाठवतो. इझॲक्टिव्ह बटण सोडतानाही 'नाही' पाठवतो, म्हणून आधी बूलियनफिल्टर लावून फक्त 'हो' पुढे जाऊ द्या.

माणूस जवळ आल्यावर सुरू करायचं असेल तर प्रॉक्झिमिटीसेन्सरचा एंटरटाइम याच पद्धतीने जोडता येतो.

लूप लावलं, क्लिकही जोडलं. पण ते क्लिकची वाट न बघता आधीच चालू होतं आणि क्लिकचा परिणामच होत नाही. का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. मी स्वतः पहिल्यांदा यात अडकलो तेव्हा सगळ्या जोडण्या पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो, आणि जोडण्यांमध्ये काहीच चूक नव्हती.

वर सांगितलं तसं लूप चालू आणि बाकी सगळं मूळ किमतींवर असलं की टाइमसेन्सर सीन उघडताच सुरू होतो. मग क्लिकमधून नवा स्टार्टटाइम येतो, पण चालू असलेला टाइमसेन्सर स्टार्टटाइम स्वीकारतच नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. एकत्र आले की कोडं होतं.

उपाय एका आकड्याचा आहे: स्टॉपटाइम १ ठेवा. आता स्टॉपटाइम (१) स्टार्टटाइमपेक्षा (०) मोठा आहे, म्हणून तो पाळला जातो, आणि तो क्षण उलटून गेलेला असल्याने टाइमसेन्सर गप्प राहतो. क्लिक झालं की स्टार्टटाइम १७० कोटींच्या घरात जातो, स्टॉपटाइम त्याच्यापुढे लहान ठरतो आणि फेऱ्या सुरू होतात. एनेबल्ड बंद ठेवून क्लिकने चालू करणं हाही मार्ग आहे, पण त्यात फेरी ० पासून सुरू होईलच असं नाही. ते खाली येतंच आहे.

चालू असताना वेग बदलायला सायकलइंटरव्हल पाठवलं, तेही दुर्लक्षित झालं. मग वेग कसा बदलायचा?

सक्रिय असताना सायकलइंटरव्हलही बदलत नाही. कारण सूत्रात शोधा: भाजक मध्येच बदलला तर फ्रॅक्शन दुसरीकडेच उडी मारेल. वेग खरोखर जिवंतपणे बदलायचा असेल तर टाइमसेन्सरला नुसतं घड्याळ म्हणून वापरा. त्याचा टाइम स्क्रिप्टकडे न्या, दोन वाचनांमधला फरक घ्या, त्याला हव्या त्या वेगाने गुणा आणि स्वतःचं फ्रॅक्शन साठवत इंटरपोलेटरकडे पाठवा. साधी गरज असेल, म्हणजे पुढच्या फेरीपासून वेग बदलला तरी चालणार असेल, तर थांबवा, बदला, पुन्हा सुरू करा.

थांबवण्याचे किती मार्ग आहेत आणि कोणता कधी?

स्टॉपटाइम पाठवला तर तिथल्या तिथे थांबतो आणि वस्तू त्या क्षणी जिथे होती तिथेच राहते, ती आपोआप मूळ जागी जात नाही. पुन्हा सुरू केलं की फ्रॅक्शन ० पासून येतं, म्हणून वस्तू आधी उडी मारून पहिल्या जागी जाते. बघणाऱ्याला ती चूक वाटते.

लूप बंद केलं तर चालू फेरी पूर्ण होते आणि मग थांबतो. चाक, लोलक, पंख फडफडवणारा पक्षी अशा गोष्टींसाठी मला हाच मार्ग सर्वांत सभ्य वाटतो, कारण शेवट नेहमी नीट अवस्थेत होतो.

एनेबल्ड बंद केलं तरी लगेच थांबतो. पुन्हा चालू केलं आणि लूप असलं तर मात्र जिथे थांबला होता तिथून तो निघत नाही. स्टार्टटाइम बदललेला नसतो आणि फ्रॅक्शन तिथूनच मोजलं जातं. म्हणजे मधल्या काळात तो जणू चालूच होता असं धरून वस्तू भलत्याच ठिकाणी उगवते.

मग खरा पॉज, म्हणजे थांबल्या जागेवरून पुढे?

एक्सथ्रीडीमध्ये पॉजटाइम आणि रिझ्यूमटाइम यासाठीच आहेत. थांबलेला काळ हिशेबात धरला जात नाही, इलॅप्स्डटाइमही तो वगळूनच येतो.

१९९७ च्या व्हीआरएमएल मानकात ही सोय नाही, तिथे स्क्रिप्ट लिहावी लागते. थांबवताना किती सेकंद झाले ते जपून ठेवायचं. पुन्हा सुरू करताना आत्ताच्या वेळेतून ते सेकंद वजा करून तो आकडा स्टार्टटाइमला पाठवायचा. एवढं केलं तरी अनेकदा काहीच होत नाही. कारण असं: १०० व्या सेकंदाला थांबवलं तेव्हा ४० सेकंद झाले होते, ११० ला सुरू करताना स्टार्टटाइम झाला ७०. पण स्टॉपटाइम अजून १०० आहे, ७० पेक्षा मोठा आणि उलटून गेलेला. टाइमसेन्सर म्हणतो, माझं थांबायचं ठरलेलं आहे. म्हणून स्टार्टटाइम पाठवण्याआधी स्टॉपटाइम ० करा.

दार उघडलं की दिवा लागायला हवा, मग पडदा सरकायला हवा. एकामागून एक कसं लावायचं?

दोन मार्ग आहेत. पहिला साखळीचा: पहिल्या टाइमसेन्सरचा इझॲक्टिव्ह बूलियनफिल्टरकडे, त्याचा इनपुटफॉल्स टाइमट्रिगरकडे, आणि टाइमट्रिगरचा ट्रिगरटाइम दुसऱ्या टाइमसेन्सरच्या स्टार्टटाइमकडे. फिल्टर विसरू नका. टाइमट्रिगर आलेली किंमत 'हो' की 'नाही' हे बघत नाही, त्यामुळे पहिला सुरू होतानाच दुसराही सुटेल. हे नोड एक्सथ्रीडीतले आहेत. व्हीआरएमएलमध्ये तेच काम छोटी स्क्रिप्ट करते.

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. दहा सेकंदांचा एकच टाइमसेन्सर घ्या आणि तिन्ही इंटरपोलेटर त्यालाच जोडा. दाराच्या इंटरपोलेटरच्या की, म्हणजे तक्त्यातले वेळेचे टप्पे, ० ते ०.३, दिव्याच्या ०.३ ते ०.४, पडद्याच्या ०.४ ते १. इंटरपोलेटर आपल्या पट्ट्याच्या आधी पहिली किंमत आणि नंतर शेवटची किंमत धरून ठेवतो, म्हणून दार ०.३ नंतर उघडंच राहतं. एका घड्याळावर सगळं असल्याने सांध्यांत फट पडत नाही, आणि ताल बदलायचा झाला तर एकच सायकलइंटरव्हल बदलावं लागतं. प्रसंगांचा क्रम वापरणाऱ्याच्या कृतीवर अवलंबून असेल तेव्हाच साखळी घ्या.

आवाज आणि हालचाल जुळत नाही.

एकच टचटाइम ऑडिओक्लिप आणि टाइमसेन्सर या दोघांच्या स्टार्टटाइमला जोडा. दोघांनाही तोच क्षण मिळतो, कारण एका इव्हेंटमधून निघालेल्या सगळ्या पुढच्या इव्हेंटवर एकाच वेळेचा शिक्का असतो. लांबी जुळवायला ऑडिओक्लिपचा ड्युरेशन_चेंज्ड थेट सायकलइंटरव्हलला जोडता येतो, दोन्ही एकाच प्रकारचे आहेत. मात्र ही लांबी पिच १, म्हणजे आवाजाचा मूळ वेग, धरून दिलेली असते. पिच २ ठेवलं तर आवाज अर्ध्या वेळात संपेल आणि हालचाल मागे राहील. तेव्हा भागाकार तुम्हालाच करावा लागेल.

फेऱ्या बराच वेळ चालणार असतील तर दोघांनाही स्वतंत्र लूप देऊ नका. आवाजाचं लूप बंद ठेवा आणि टाइमसेन्सरचा सायकलटाइम त्याच्या स्टार्टटाइमला जोडा, म्हणजे प्रत्येक फेरीला आवाज नव्याने जुळतो. आवाज फेरीपेक्षा किंचित आखूड हवा, नाहीतर चालू आवाज नवा स्टार्टटाइम नाकारेल. नियम तोच, नोड वेगळा.

चाक पूर्ण फिरायला हवं, पण ते जागचं हलतच नाही.

० ला शून्य रेडियन आणि १ ला ६.२८३ रेडियन, म्हणजे पूर्ण फेरी, असं दिलं असणार. ओरिएंटेशनइंटरपोलेटर दोन अवस्थांमधला सर्वांत जवळचा रस्ता घेतो, आणि या दोन अवस्था एकच आहेत, म्हणून रस्ता शून्य लांबीचा. मध्ये ३.१४२ टाकलं तरी अर्ध्या फेरीला दोन्ही बाजू सारख्याच जवळ पडतात, दिशा भरवशाची राहत नाही. तीन भाग करा: ०, २.०९४, ४.१८९ आणि ६.२८३.

रंगांच्या बाबतीत असाच एक धक्का बसतो. कलरइंटरपोलेटर रंगछटेच्या चक्रावरून जातो, म्हणून लाल ते हिरवा जाताना मध्ये पिवळा लागतो.

हालचाल फार यांत्रिक वाटते.

कारण ती सरळ रेषेत आहे. टाइमसेन्सर आणि इंटरपोलेटर यांच्यामध्ये इझइनइझआउट नोड घाला (एक्सथ्रीडी ३.२ पासून), किंवा सुरुवातीला आणि शेवटी की दाट ठेवा. जुन्या पद्धतीत एक स्केलरइंटरपोलेटर मध्ये टाकून फ्रॅक्शनचंच फ्रॅक्शन करता येतं, आणि ते छान चालतं.

स्विचने लपवलेल्या भागातला टाइमसेन्सर थांबतो का?

थांबत नाही. दिसत नसला तरी इव्हेंट पाठवत राहतो. मोठ्या सीनमध्ये असे पन्नास लपलेले टाइमसेन्सर निष्कारण हिशेब करत बसतात. व्हिजिबिलिटीसेन्सर किंवा प्रॉक्झिमिटीसेन्सरचा इझॲक्टिव्ह त्यांच्या एनेबल्डला जोडा.

एमपेग-४ मध्ये काय वेगळं?

एमपेग-४ च्या बिफ्स या बायनरी सीन-स्वरूपातला टाइमसेन्सर व्हीआरएमएलमधूनच आला आहे, फील्डही तीच. वेळेचा उगम मात्र वेगळा. तिथे सीन प्रवाहातून येतो, आणि स्टार्टटाइम १९७० पासून न मोजता ज्या तुकड्यातून तो नोड आला त्याच्या वेळेपासून मोजतात. म्हणून 'स्टार्टटाइम ५' तिथे खरोखर पाच सेकंदांनी, आणि व्हीआरएमएलमध्ये गप्प राहणारा साधा टाइमसेन्सर तिथे सुरुवातीलाच एक फेरी मारू शकतो. सीन इकडून तिकडे नेताना हे पहिल्यांदा तपासा.

दुसरं, तिथे व्हिडिओ नेटवर्कमुळे अडखळला तरी टाइमसेन्सर थांबत नाही. व्हिडिओवर उमटणारी अक्षरं किंवा खुणा टाइमसेन्सरवर चालवल्या तर त्या पुढे निघून जातात. अशा ठिकाणी मीडियासेन्सरची मीडियाकरंटटाइम ही वेळ घ्या आणि तिच्यावरून फ्रॅक्शन काढा.

काहीच हलत नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

टाइमसेन्सरच्या इझॲक्टिव्हपासून. तो 'हो' येतो का ते स्क्रिप्टने छापून बघा. येत नसेल तर स्टार्टटाइम, स्टॉपटाइम, लूप आणि एनेबल्ड या चौघांपैकीच कुणीतरी अडवतंय. येत असेल तर फ्रॅक्शन इंटरपोलेटरच्या सेट_फ्रॅक्शनला जोडलंय का, की आणि कीव्हॅल्यू (त्या टप्प्यांवरच्या किमती) यांची संख्या सारखी आहे का, की चढत्या क्रमाने आहेत का ते बघा. तेही ठीक असेल तर शेवटची जोडणी ज्या ट्रान्सफॉर्मला गेली आहे तोच खरा वस्तूचा आहे ना, की त्याच नावाचा दुसरा, हे पाहा. नोडला नाव देणाऱ्या डेफने एकच नाव दोनदा दिलेलं असेल तर ॲनिमेशन चालू असतं, फक्त तुम्ही बघत असलेल्या वस्तूवर नसतं.